झाक ताती: सहा चित्रपट, कुठली प्रत, कुठला क्रम, आणि दिवाळं नेमकं कशानं निघालं?

निशिगंधा_क

फिल्म क्लबसाठी फ्रेंच विनोदी नट-दिग्दर्शक झाक तातीच्या चित्रपटांचे खेळ ठरवतोय. रविवार पाच मिळालेत, चित्रपट सहा आहेत. सभागृह साठ खुर्च्यांचं, पडदा १२ फूट रुंद, प्रोजेक्टर साधा फुल एचडी, पडद्याच्या बाजूंना दोन स्पीकर. प्रेक्षकांत फ्रेंच येणारं कुणी नाही.

अडचणी अशा:

एकाच चित्रपटाच्या तीन-तीन लांबी दिसतात. 'मों ओंक्ल' कुठे ११६ मिनिटांचा, कुठे १११, कुठे ११०. यातली पूर्ण प्रत कुठली?

सुरुवात कशानं करावी? काळाच्या क्रमानं, की आधी प्रसिद्ध चित्रपट दाखवून मग मागे जावं?

'प्लेटाइम'नं त्याला कर्जबाजारी केलं हे सगळे लिहितात. पण कसं? सेट महाग झाला एवढंच कारण असेल तर महाग सेट बऱ्याच जणांनी बांधले, ते सगळे काही बुडाले नाहीत.

आणि मराठी उपशीर्षकं करावीत का? करायला माणूस आहे, वेळही आहे.

प्रास्ताविकाला पाच मिनिटं मिळतील. त्यात आयुष्याबद्दल काय सांगणं गरजेचं आहे तेही सुचवा.

---

रीळबदलू

लांबीच्या गोंधळाची दोन वेगळी कारणं आहेत आणि ती एकमेकांत मिसळल्यामुळे माणूस फसतो.

पहिलं कारण निव्वळ तांत्रिक. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींनी चालतो, युरोपातली जुनी डीव्हीडी २५ नं. म्हणजे सगळं चार टक्के जलद. ११६ मिनिटांचा 'मों ओंक्ल' तिथे साधारण १११ मिनिटांत संपतो, १२४ चा 'प्लेटाइम' ११९ मध्ये. एकही दृश्य कापलेलं नसतं, फक्त चाल वाढलेली असते, आणि बऱ्याचदा आवाजाची पट्टीही अर्ध्या सुराच्या आसपास वर सरकलेली असते. तातीच्या बाबतीत हे खटकतं, कारण त्याचा विनोद चालण्याच्या लयीवर उभा आहे. शक्य असेल तर ब्लू-रे किंवा २४ चौकटींची डिजिटल प्रतच घ्या.

दुसरं कारण खुद्द ताती. हा माणूस चित्रपट संपवायचाच नाही. प्रदर्शनानंतर वर्षानुवर्षं कात्री चालवायचा, आवाज नव्यानं बसवायचा. एकेक सांगतो.

'झूर द फेत' (म्हणजे जत्रेचा दिवस). चित्रण १९४७, मध्य फ्रान्समधलं सँत-सेव्हेर-सुर-आंद्र हे गाव. हा मुळात रंगीत चित्रपट होता. थॉमसन-कलर नावाची नवी पद्धत वापरली होती: फिल्मच्या पाठीवर अतिसूक्ष्म उभार दाबलेले, भिंगावर रंगीत पट्ट्यांचा गाळणा. त्यामुळे काळ्या-पांढऱ्या रसायनावरच तिन्ही रंगांची नोंद शेजारी-शेजारी बारीक रेघांत व्हायची. चित्रण झालं, पण त्यातून खेळाच्या प्रती काढणं कंपनीला जमलंच नाही. वाचला तो शेजारी दुसरा साधा कृष्णधवल कॅमेरा चालू ठेवला होता म्हणून. १९४९ मध्ये लोकांनी पाहिला तो हा दुसऱ्या कॅमेऱ्याचा चित्रपट. १९६४ मध्ये तातीनं पुन्हा हात घातला: काही वस्तूंवर रंग चढवले आणि एक चित्रकार पात्र नव्यानं चित्रित करून मध्ये घुसवलं. मूळ रंगीत फिल्ममधून रंग प्रत्यक्ष बाहेर काढले ते त्याच्या मुलीनं, सोफी तातिशेफनं, छायालेखक फ्रान्स्वा एद यांच्याबरोबर. ती प्रत १९९५ ची, ८१ मिनिटांची.

क्लबसाठी १९९५ ची रंगीत घ्या. नवलाई म्हणून नव्हे, रंगाची योजनाच तशी आहे म्हणून. गावाचे दरवाजे गडद रंगवून घेतले होते, गावकऱ्यांचे कपडे काळपट ठेवले होते. रंग येतो तो जत्रेच्या गाड्यांबरोबर आणि जत्रा गेली की जातो. कृष्णधवल प्रतीत हा अर्थ दिसायची सोयच नाही. १९६४ ची अभ्यासापुरती ठीक. तो चित्रकार मला तरी उपराच वाटतो.

'ले वाकान्स द मस्यू उलो' (म्हणजे मस्यू उलोची सुट्टी; उलो हे तातीनं स्वतः केलेलं पात्र), १९५३. मूळ प्रत शंभर मिनिटांच्या आसपास. आज सर्रास मिळते ती १९७८ ची, नव्वदच्या जरा आत. समुद्रात घडीची होडी मध्येच दुमडते, शार्कच्या जबड्यासारखी दिसते आणि किनाऱ्यावर पळापळ होते, तो तुकडा १९७८ मध्ये सँ-मार्क-सुर-मेरला परत जाऊन घेतलेला आहे. शार्कचा तो अमेरिकन चित्रपट १९७५ चा, म्हणजे ही चेष्टा १९५३ मध्ये असणं शक्यच नाही. प्रत ओळखायची खूण म्हणून लक्षात ठेवा. २००९ ची दुरुस्त प्रतही याच १९७८ च्या कापणीची आहे. तीच दाखवा, खुद्द तातीनं शेवटची मानलेली ती आहे.

'मों ओंक्ल', १९५८. इथे मात्र खरोखर दोन चित्रपट आहेत. फ्रेंच ११६ मिनिटांचा आणि त्याच वेळी इंग्रजी बाजारासाठी वेगळा चित्रित केलेला, सुमारे ११० मिनिटांचा. इंग्रजीत पाट्या इंग्रजी आहेत, नव्या बंगल्यातलं आर्पेल कुटुंब इंग्रजी बोलतं, जुन्या वस्तीतले लोक फ्रेंचच राहतात. म्हणून लांबी बघून ठरवू नका, १११ आणि ११० यांत फसायला होतं. पाट्या बघा.

'प्लेटाइम', १९६७. पहिल्या खेळांना अडीच तासांच्या वर होता, मध्यंतरासकट. नंतर तातीनंच तो कापत नेला. आज जी १२४ मिनिटांची प्रत आहे तीच पूर्ण समजायची. अडीच तासांची प्रत कुणी देऊ केली तर विश्वास ठेवू नका.

'त्राफिक' (१९७१, ९७ मिनिटं) आणि 'पाराद' (१९७४, ८९ मिनिटं) यांत भानगड नाही.

---

मधली_सुट्टी

प्रास्ताविकासाठी. पाच मिनिटांत जन्म-मृत्यू-पुरस्कार वाचून दाखवू नका, ते छापील पत्रकात द्या. बोलायचं ते या माणसाच्या अंगाबद्दल.

जन्म ९ ऑक्टोबर १९०७, पॅरिसजवळचं ल पेक. खरं आडनाव तातिशेफ. आजोबा रशियन, पॅरिसच्या रशियन वकिलातीत लष्करी अधिकारी. आईचे वडील व्हान हूफ, डच, त्यांचा चित्रांच्या चौकटी करण्याचा धंदा. झाकनं तेच शिकावं अशी घरची अपेक्षा होती आणि तो शिकलाही. चौकट करणारा पुढे चौकटीतच सगळं मांडू लागला असं लिहिण्याचा मोह होतो. आवरा, सगळे तेच लिहितात.

कामाची गोष्ट वेगळी आहे. उंची सहा फुटांच्या वर, आणि विशीत तो रॅसिंग क्लबकडून रग्बी खेळायचा. कर्णधार आल्फ्रेद सोव्ही, पुढे मोठा अर्थशास्त्रज्ञ झाला. सामन्यानंतर ताती गड्यांच्या नकला करायचा. त्यातूनच रंगमंचावरचा कार्यक्रम तयार झाला: टेनिसपटू, फुटबॉलचा गोलरक्षक, मुष्टियोद्धा, घोडेस्वार. सगळे मूक, हातात वस्तू नाही. १९३६ मध्ये लेखिका कोलेतनं वर्तमानपत्रात त्याचं भरभरून कौतुक केलं. तिचा मुद्दा हा की घोडा आणि स्वार दोन्ही हा एकटाच होतो.

हे प्रेक्षकांना आधी सांगितलंत तर चित्रपट पाहण्याची किल्ली मिळते. उलोची टेनिसची सर्व्हिस बघा. रॅकेट आडवी पुढे ढकलायची, मागे घ्यायची, मग एकदम वरून फटका. दुकानदारीण रॅकेट विकताना जी खूण करून दाखवते तीच हा मैदानावर जशीच्या तशी करतो आणि सगळ्यांना हरवतो. हा विनोद संवादानं लिहिता येत नाही, कारण तो खांदा, कोपर आणि मनगट यांच्या वेळेत आहे. उलोची चालही तशीच: अंग पुढे झुकलेलं, पावलं चवड्यांवर, पँट आखूड म्हणून मोजे दिसतात, तोंडात पाइप म्हणून बोलणं बंद. चेहऱ्यावर तो काहीच करत नाही. चॅप्लिनशी तुलना करणाऱ्यांनी इथे थांबावं. चॅप्लिन कॅमेऱ्याकडे बघून तुम्हाला आपल्या बाजूला ओढतो, उलो चौकटीतून निघून जायच्या बेतात असतो.

चित्रपटांकडे तो वळला १९३० च्या दशकात, लघुपटांतून. त्यातला १९३६ चा एक, डाव्या हाताच्या मुष्टियुद्धाचा, रने क्लेमाँनं दिग्दर्शित केला. युद्धात घोडदळात गेला, नंतर पॅरिसमध्ये पुन्हा रंगमंच, आणि १९४३ मध्ये पटकथाकार मित्र आँरी मार्केबरोबर त्याच सँत-सेव्हेरमध्ये येऊन राहिला. गाव तिथून हाती लागलं. पोस्टमनचा लघुपट दिग्दर्शित करायला खरं तर क्लेमाँच येणार होता. तो दुसऱ्या चित्रपटात अडकला म्हणून तातीनं स्वतः केला. दिग्दर्शक होण्याचा श्रीगणेशा हा असा. त्याच पोस्टमनचा पुढे 'झूर द फेत' झाला. वितरक हात लावेनात, म्हणून आधी लंडनमध्ये लागला, मग मे १९४९ मध्ये फ्रान्समध्ये, आणि त्याच वर्षी व्हेनिसला पटकथेचं पारितोषिक.

पुढचं थोडक्यात: 'मों ओंक्ल'ला कान महोत्सवात परीक्षकांचं विशेष पारितोषिक आणि परभाषिक चित्रपटाचं ऑस्कर. १९७७ मध्ये सन्माननीय सेझार, म्हणजे फ्रान्सचा चित्रपट-पुरस्कार. मृत्यू नोव्हेंबर १९८२, पॅरिस, फुप्फुसातल्या रक्ताच्या गुठळीनं. तेहतीस वर्षांत लांबीचे सहाच चित्रपट केले. का सहाच, ते हिशेबाचं बघणारे सांगतीलच.

---

आडवाटसरू

एक छोटी दुरुस्ती, पत्रकात चुकू नये म्हणून. फ्रेंचमध्ये सुरुवातीचा 'ह' उच्चारत नाहीत, तेव्हा 'हुलो' नाही, 'उलो'. आणि 'जॅक्स ताती' तर अजिबात नको.

पाइपवरून आठवलं. २००९ मध्ये पॅरिसला तातीवर प्रदर्शन होतं, तेव्हा मेट्रो आणि बसमधल्या जाहिरातींत तंबाखूच्या कायद्याला घाबरून त्याच्या तोंडातला पाइप काढून त्या जागी पिवळं भिरभिरं लावलं होतं. स्वतः तातीलाही हा विनोद सुचला नसता. पत्रकावर चित्र टाकणार असाल तर पाइपवालंच टाका.

---

हिशेबनीस

निशिगंधाताई, तुमची शंका रास्त आहे. सेट महाग झाला एवढ्यानं कुणी घर गमावत नाही. सेट, तारण, थिएटरं आणि कथा या चार गोष्टी एकावर एक पडल्या.

'प्लेटाइम'ला हवं होतं काचेचं, पोलादाचं, करडं पॅरिस: विमानतळ, कचेऱ्या, प्रदर्शन, उपाहारगृह. खरा विमानतळ किंवा खरी कचेरी महिनोन्महिने बंद ठेवता येत नाही. म्हणून पॅरिसच्या आग्नेयेला, व्हँसेनच्या रानाजवळ, सुमारे १५,००० चौरस मीटर जागेवर शहरच बांधलं. लोक त्याला 'तातीव्हिल' म्हणायचे. रचनाकार यूजेन रोमाँ. स्वतःचं वीजघर, डांबरी रस्ते, चालता सरकता जिना. काही इमारती रुळांवर, म्हणजे कॅमेऱ्यासाठी सरकवता याव्यात. लांबच्या इमारती म्हणजे मोठे केलेले फोटो, आणि लांबचे काही लोकही पुठ्ठ्यावर चिकटवलेले फोटो. (दुसऱ्यांदा पाहताना हे शोधा, सापडतात. माणूस फारच शांत उभा असेल तर संशय घ्या.)

१९६४ च्या शरदात बांधकाम सुरू असताना वादळानं नासधूस केली, काम पुन्हा करावं लागलं. चित्रण १९६५ मध्ये सुरू झालं आणि पैसे संपतील तसं थांबत, पुन्हा सुरू होत राहिलं. इथे खरी मेख आहे. स्टुडिओतला सेट थांबला तर कुलूप लावता येतं. उघड्यावरचं शहर थांबलं तरी राखण, डागडुजी, वीज, जागा यांचा खर्च चालूच. दिवस वाया गेला तरी मीटर पळतो. वर ७० मिलिमीटरची फिल्म, म्हणजे प्रत्येक मीटर कच्च्या मालाला आणि धुलाईला नेहमीपेक्षा कितीतरी जास्त पैसे. चित्रपट लागला १६ डिसेंबर १९६७ ला.

आता तारण. ताती स्वतःच्या कंपनीतून निर्माता होता, आधीच्या चित्रपटांचे हक्क त्याच्याकडे होते. कुणी कापाकापी करायला सांगू शकत नव्हतं ते यामुळेच. पण कर्ज वाढत गेलं तसे तेच हक्क गहाण पडले आणि सँ-जर्मँ-आँ-लेचं घरही. दुसरा दिग्दर्शक पडला असता तर एक चित्रपट गेला असता. याचे मागचेही सगळे गेले. धंद्याच्या भाषेत, एकाच टोपलीत अंडी होतीच, कोंबड्याही त्याच टोपलीत बांधल्या होत्या.

तिसरं, वसुली. चित्रपट ७० मिलिमीटर आणि स्टिरिओ आवाजाच्याच थिएटरांत लागावा हा तातीचा हट्ट. सुरुवातीला लहान थिएटरांसाठी ३५ मिलिमीटरची प्रत द्यायला तो तयार नव्हता. अशी थिएटरं मोजकी. म्हणजे खर्च भल्या मोठ्या चित्रपटाचा आणि गल्ला मूठभर पडद्यांचा. अमेरिकेतून वसूल होईल ही आशा होती, पण तिथे तो वेळेत विकलाच गेला नाही. लागला १९७३ मध्ये, कापून, ३५ मिलिमीटरवर.

चौथं, प्रेक्षक. लोक उलोला बघायला आले आणि चित्रपटात उलो गर्दीतला एक. वर त्याच्यासारखे दिसणारे तोतया उलो इकडून तिकडे जातात आणि आपण फसतो. तातीचं म्हणणं होतं की विनोद सगळ्यांचा असावा, एका नटाचा नव्हे. विचार म्हणून थोर आहे. तिकीट काढलेल्या माणसाला मात्र ती फसवणूक वाटली.

पुढे घर विकावं लागलं. कंपनी दिवाळखोरीत गेली आणि १९७४ मध्ये चित्रपटांच्या हक्कांचा लिलाव झाला. सेट पुढे तरुण चित्रपटवाल्यांना वापरता यावा अशी त्याची इच्छा होती, पण तो पाडला गेला. शेवटचे दोन चित्रपट दुसऱ्यांच्या आधारानं झाले. 'त्राफिक' हॉलंडच्या भागीदारीतला; आधी डच दिग्दर्शक बेर्त हान्स्त्रा बरोबर होता, मग दोघांचं बिनसलं. 'पाराद' स्वीडिश टीव्हीसाठी, स्टॉकहोमच्या सर्कशीत, बराचसा व्हिडिओवर. छायाचित्रणात गुनार फिशर, स्वीडिश दिग्दर्शक बर्गमनच्या सुरुवातीच्या चित्रपटांवाला. ७० मिलिमीटरवरून सात वर्षांत व्हिडिओवर.

आता हक्क 'ले फिल्म द मों ओंक्ल' या संस्थेकडे आहेत. क्लबचा खेळ तिकिटाविना असला तरी तो जाहीर खेळच. परवानगी आधी मागा आणि पत्रात प्रतीचा प्रकार, खेळांची संख्या, खुर्च्यांची संख्या लिहा. एवढी माहिती नसेल तर उत्तराला उशीर होतो.

---

निशिगंधा_क

धन्यवाद सगळ्यांना. १९९५ ची रंगीत आणि १९७८ ची प्रत ठरली. उपशीर्षकांचं कुणीच बोललं नाही. आणि बारा फुटांच्या पडद्यावर 'प्लेटाइम' लावणं म्हणजे गुन्हा आहे का?

---

कानसेन

गुन्हा नाही, पण तयारी लागते. आधी उपशीर्षकं.

तातीचे चित्रपट मूक आहेत, हे आधी मनातून काढा. चित्रण बिनआवाजी, आणि मग एकेक आवाज स्टुडिओत नव्यानं बसवलेला. त्यामुळे कुठला आवाज मोठा, कुठला गायब, हे सगळं ठरवून केलेलं आहे. संवाद हा त्यातला एक आवाज, दाराच्या कुरकुरीपेक्षा वरचा नाही. 'वाकान्स'च्या सुरुवातीला स्टेशनवरचा भोंगा काहीतरी पुटपुटतो आणि लोक एका फलाटावरून दुसऱ्यावर पळतात. तो फ्रेंच माणसालाही कळत नाही. तिथे मराठी उपशीर्षक टाकलंत की विनोद मेला. हॉटेलच्या जेवणघराच्या झुलत्या दाराचा 'टुंग' ऐका, तो दर वेळी कधी येतो ते बघा. त्या दाराला वाक्यांपेक्षा जास्त काम दिलंय. उलो आपलं नाव सांगतो तेव्हा मालकाला तोंडातला पाइप काढून घ्यावा लागतो, तेव्हा कुठे 'उलो' ऐकू येतं.

तेव्हा असं करा. 'वाकान्स' आणि 'प्लेटाइम' उपशीर्षकांविना. 'प्लेटाइम'मध्ये अर्धं बोलणं इंग्रजी आहेच, ते अमेरिकन पत्रकार आर्ट बुकवाल्डनं लिहिलं. 'झूर द फेत'ला हवीत, विशेषतः तंबूत अमेरिकन टपालखात्यावरचा माहितीपट दाखवतात तिथे. ते कळलं नाही तर पोस्टमन नंतर का पिसाळतो ते कळत नाही. 'मों ओंक्ल'ला कमी शब्दांत: आर्पेल बाईंचं घर दाखवणं, कारखान्यातल्या नोकरीचं बोलणं, बस. प्रत्येक 'बोंझूर'चं 'नमस्कार' करत बसू नका. एका वेळी एक ओळ, पडद्याच्या अगदी तळाला. माणसाचा डोळा अक्षरांकडे आधी जातो आणि तातीचा विनोद नेमका त्याच वेळी वरच्या कोपऱ्यात घडत असतो.

आता यंत्रं. होणाऱ्या चुका ठरलेल्या आहेत.

आकार: 'प्लेटाइम' सोडून पाचही चित्रपट जवळपास चौकोनी आहेत, रुंदी उंचीच्या १.३७ पट. तुमच्या १२ फुटी पडद्याची उंची पावणेसात फूट धरली तर चित्र सव्वानऊ फूट रुंद येईल, दोन्ही बाजूंना काळं राहील. कुणीतरी उत्साही माणूस 'पडदा भरू दे' म्हणून ताणतो किंवा वरून-खालून कापतो. ताणलं की उंच उलो बुटका होतो, कापलं की टोपी किंवा बूट जातात. प्रोजेक्टरवर 'मूळ आकार' ठेवून बटणाला चिकटपट्टी लावा. 'प्लेटाइम' १.८५, तो पूर्ण रुंदी घेईल.

हालचाल गुळगुळीत करणारी सोय बंद. ती मधल्या चौकटी स्वतः बनवते आणि उलोच्या पावलांचा झटका जातो.

आवाज: 'संवाद स्पष्ट' आणि 'रात्रीचा आवाज' या दोन्ही सोयी बंद. पहिली माणसाच्या आवाजाची पट्टी वर ढकलते, दुसरी लहान-मोठा आवाज सपाट करते. बूट, खुर्ची, माशी, सगळं एकाच पातळीवर येतं. दोन स्पीकर पडद्याच्या दोन टोकांना, कानाच्या उंचीवर. 'प्लेटाइम'चा आवाज उजवी-डावी बघून रचलेला आहे. गजबजलेल्या चौकटीत कुठे बघायचं ते आवाजच सांगतो. स्पीकर उलटे जोडले तर प्रेक्षक चुकीच्या कोपऱ्यात बघतात. आधी चाचणी घ्या. प्रतीक्षागृहात काळ्या खुर्च्या बसल्यावर दबतात आणि फुस्स करून फुगतात, ते दृश्य लावा: शेवटच्या रांगेत फुस्स ऐकू आलं म्हणजे आवाज बरोबर. पंखे चालू ठेवून हीच चाचणी पुन्हा. पंख्यांचा आवाज सगळ्यात मोठा शत्रू आहे.

बसायची जागा: जवळचे शॉट त्यानं जवळपास घेतलेच नाहीत, सगळं लांबून आणि सगळं एकाच वेळी स्पष्ट. बारा फुटांच्या पडद्याला पहिली रांग १५ ते १८ फुटांवर, शेवटची तिसाच्या आत. मागच्या रांगा रिकाम्या ठेवून लोकांना पुढे बोलवा. एरवी मागे बसणारे पहिल्यांदा कुरकुरतील.

खोली पूर्ण काळोखी हवी. चित्रपट जवळपास करडा आहे, रंगाचे ठिपके मोजके: फुलवाली, एखादी पाटी. खिडकीतून उजेड आला की करड्याचा पांढरा होतो आणि ते ठिपकेही धुऊन जातात.

---

रीळबदलू

कानसेनशी सहमत, एक भर. 'प्लेटाइम'आधी प्रेक्षकांना दोनच वाक्यं सांगा: नायक शोधू नका, आणि पहिला भाग विमानतळ आहे, दवाखाना नव्हे (तसा वाटावा अशीच मांडणी आहे). शेवटाकडचं रॉयल गार्डन उपाहारगृहाचं प्रकरण पाऊण तासाच्या आसपास चालतं. तिथे एकाच चौकटीत पाच-सहा गोष्टी चालू असतात. वेगवेगळे वाढपी त्याच त्या माशावर पुन्हा पुन्हा मसाला टाकून जातात आणि मासा कुणाला वाढला जात नाही. एका वाढप्याचे कपडे फाटतात, मग बाकीचे आपापल्या खराब झालेल्या वस्तू त्याच्याकडे बदलून नेतात. खुर्चीच्या पाठीवरचा मुकुट गिऱ्हाइकांच्या पाठीवर उमटतो. आणि काचेचं दार फुटल्यावर दरवान दाराची नुसती मूठ हातात धरून, नसलेलं दार उघडत राहतो.

अर्ध्या खोलीला एक दिसेल, अर्ध्या खोलीला दुसरं. म्हणून मध्यंतर उपाहारगृहाच्या आधी ठेवा, मध्ये कधीही नको.

---

मधली_सुट्टी

क्रमाचं राहिलं. काळाच्या क्रमानं दाखवू नका असं माझं मत. 'झूर द फेत'नं सुरू केलं तर लोक म्हणतील, बरा आहे, जुना आहे. 'वाकान्स'नं सुरू करा: सगळ्यात हलका, सुट्टीचा, कुणालाही चालणारा. दुसरा 'झूर द फेत', म्हणजे उलोच्या आधी पोस्टमन कसा होता ते कळतं. तिसरा 'मों ओंक्ल'. चौथा 'प्लेटाइम'. पाचवा 'त्राफिक'.

---

हिशेबनीस

'मों ओंक्ल' आणि 'प्लेटाइम' लागोपाठच हवेत यावर दुमत नाही. पहिल्यात जुनी वस्ती (सँ-मोरला चित्रित) आणि नवा बंगला (नीसच्या स्टुडिओत बांधलेला, आराखडा चित्रकार झाक लाग्राँझचा) समोरासमोर आहेत, जाण्या-येण्याची वाट आहे. दुसऱ्यात जुनी वस्ती उरलेलीच नाही, आयफेल टॉवर दिसतो तो काचेच्या दारातल्या प्रतिबिंबात. 'मों ओंक्ल'मधल्या बंगल्यातलं माशाचं कारंजं फक्त बड्या पाहुण्यांसाठी चालू होतं आणि आर्पेल बाईंचा भाऊ उलो आला की बंद, हे पाहून झालेला माणूस 'प्लेटाइम'मध्ये हरवत नाही.

---

निशिगंधा_क

मग 'पाराद' गाळायचा? सहावा रविवार मिळणार नाही.

---

कानसेन

पूर्ण गाळू नका. 'त्राफिक' ९७ मिनिटांचा आहे, त्यानंतर वीस मिनिटं सहज निघतात. 'पाराद'मधले तातीचे एकट्याचे तुकडे तेवढे दाखवा: गोलरक्षक, टेनिस, मुष्टियोद्धा, घोडेस्वार. कोलेतनं १९३६ मध्ये लिहिलं ते हेच. 'पाराद'च्या वेळी त्याचं वय साठीच्या पुढचं. परवानगीच्या पत्रात 'तुकडे' असं स्पष्ट लिहा, नाहीतर पूर्ण चित्रपटाचं शुल्क मागतील. आणि व्हिडिओवरचा भाग आहे, मोठ्या पडद्यावर भुरकट दिसेल; प्रोजेक्टरची धार वाढवायला जाऊ नका, आणखी वाईट दिसतं.